मंदीत सरकारी खर्च कमी करताना: कोणता आधी, कोणता नंतर आणि कोणता अजिबात नाही

मंदीत सरकारचे उत्पन्न झपाट्याने आटते. वस्तू व सेवा कर, मुद्रांक शुल्क, इंधनावरचा आणि वाहनांवरचा कर हे सारे व्यवहारांवर अवलंबून असल्यामुळे बाजार थंडावला की पहिल्या एक-दोन महिन्यांतच तिजोरीत त्याचा परिणाम दिसू लागतो. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचे व्याज मात्र ठरल्या तारखेला द्यावेच लागते. अशा कोंडीत वित्त विभाग बहुधा हाताशी असलेला सोपा उपाय करतो आणि सगळ्या विभागांच्या निधीला एकाच टक्केवारीने कात्री लावतो. भारतासारख्या विकसनशील देशात याची किंमत मोठी असते, कारण येथे सर्वांना मिळेल असा बेरोजगारी भत्ता नाही, बहुसंख्य कामगार असंघटित क्षेत्रात आहेत आणि सरकारी बांधकाम थांबले की त्या कामावरच्या मजुराचे त्या आठवड्याचे उत्पन्न थांबते. म्हणून मंदीत किती कपात केली यापेक्षा ती कोणत्या क्रमाने केली, याला मी अधिक महत्त्व देतो. पुढील पायऱ्या केंद्र आणि राज्य या दोन्ही पातळ्यांना लागू पडतील अशा रीतीने मांडल्या आहेत. उदाहरणे मुख्यतः १९९१ आणि २०२० या दोन वर्षांतली घेतली आहेत.

पहिली पायरी: कपात खरोखर करावी लागणार आहे का, हे तपासा

कपात करावी असे वाटणे आणि कपातीवाचून गत्यंतर नसणे या दोन वेगळ्या स्थिती आहेत. सरकारला स्वतःच्या चलनात, परवडणाऱ्या व्याजाने कर्ज मिळत असेल, तर मंदीच्या ऐन भरात एकूण खर्च खाली आणण्याची घाई करू नये. याचे कारण साध्या हिशेबाने समजते. समजा, एका देशाचे वार्षिक उत्पन्न १०० रुपये आहे, सरकारचे कर्ज ६० रुपये आहे आणि उत्पन्नाच्या २० टक्के रक्कम करांतून मिळते. सरकारने १ रुपयाचा खर्च कापला आणि त्यामुळे देशाचे उत्पन्न दीड रुपयाने घटले, तर करांतून ३० पैसे कमी येतील. म्हणजे प्रत्यक्षात ७० पैसेच वाचतील. कर्ज ५९.३० रुपये होईल, पण उत्पन्न ९८.५० रुपयांवर आलेले असेल आणि कर्जाचे उत्पन्नाशी प्रमाण ६० वरून ६०.२ टक्के होईल. कपात करूनही बोजा वाढला. याउलट, त्याच एका रुपयाच्या कपातीने उत्पन्न केवळ ५० पैशांनी घटणार असेल, तर हे प्रमाण ५९.४ टक्क्यांवर येते आणि कपात सार्थ ठरते.

त्यामुळे प्रत्येक खर्चामागे अर्थव्यवस्थेत किती उत्पन्न निर्माण होते, हे ठाऊक असणे आवश्यक आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय लोकवित्त आणि धोरण संस्थेतील अभ्यासकांनी २०१३ मध्ये भारतासाठी काढलेल्या अंदाजानुसार भांडवली खर्चाचा (रस्ते, धरणे अशा टिकाऊ कामांवरच्या खर्चाचा) गुणक, म्हणजे एका रुपयाच्या खर्चामागे निर्माण होणारे उत्पन्न, २.४५ आहे, तर हस्तांतरणांचा (लोकांना थेट दिलेल्या मदतीचा) ०.९८ आणि इतर महसुली खर्चाचा (पगारासारख्या चालू खर्चाचा) ०.९९ आहे. हे आकडे काळानुसार आणि पद्धतीनुसार बदलतील. तरीही रस्ता, धरण, वीजवाहिनी यांवरचा रुपया कापला तर नुकसान दुपटीहून अधिक होते, हा त्यातला इशारा प्रत्येक वित्त अधिकाऱ्याने लक्षात ठेवावा.

कर्जच मिळेनासे झाले, तर मात्र प्रश्न वेगळा होतो. १९९१ च्या मध्यास भारताची परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण ठेवावे लागले. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची फेड थांबवली. अशा वेळी कपात टाळता येत नाही, फक्त तिचा क्रम ठरवणे हाती उरते. २०२० मध्ये भारताची स्थिती अशी नव्हती. देशांतर्गत कर्ज उपलब्ध होते. केंद्राची वित्तीय तूट २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९ टक्क्यांच्या वर गेली आणि राज्यांची कर्जमर्यादाही राज्य उत्पादनाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आली, यातील बराचसा वाढीव वाटा सुधारणांच्या अटींवर. राज्याला नोटा छापता येत नाहीत आणि केंद्राच्या संमतीपलीकडे कर्जही काढता येत नाही, म्हणून राज्याच्या वित्त विभागाने ही मर्यादा वाढवून मिळण्यासाठी पहिल्याच आठवड्यात प्रयत्न करावा. तो न करता कपातीचा आदेश काढणे चुकीचे आहे.

दुसरी पायरी: खर्चाचे खरे चित्र एका कागदावर आणा

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात दिसतो तो सगळा खर्च नसतो. सरकारी महामंडळांच्या नावाने काढलेली आणि सरकारी हमी असलेली कर्जे, ठेकेदारांची थकलेली देयके, वीज कंपनीला द्यायचे अनुदान, विमा कंपन्यांचा हप्ता, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती हे सारे देणे कोठे ना कोठे साचलेले असते. केंद्राचे अन्न अनुदान हे याचे ठळक उदाहरण आहे. अनेक वर्षे त्याचा काही भाग भारतीय अन्न महामंडळाला राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज देऊन भागवला जात असे, त्यामुळे तो तुटीत दिसत नसे. २०२०-२१ साठी अन्न अनुदानाची मूळ तरतूद सुमारे १.१५ लाख कोटी रुपये होती. त्या वर्षी मोफत धान्यही दिले गेले आणि जुने कर्जही फेडले गेले, तेव्हा प्रत्यक्ष खर्च ५.४ लाख कोटींच्या घरात गेला. मंदीच्याच वर्षी हे देणे उघड करण्याचा निर्णय धाडसाचा होता आणि योग्य होता, असे माझे मत आहे.

याच्या उलट दिशेचीही एक नोंद घ्यावी. कोषागारातून काढलेला पण खर्च न झालेला पैसा कार्यालयांच्या व्यक्तिगत ठेव खात्यांत आणि महामंडळांच्या बँक खात्यांत पडून असतो. ३१ मार्चला निधी व्यपगत होऊ नये, म्हणजे वर्ष संपताच हातचा जाऊ नये, म्हणून तो तेथे ठेवलेला असतो. कपातीचा पहिला रुपया येथून यावा, कारण तो परत घेतल्याने कोणाचेही काम थांबत नाही.

या कागदावर शेवटी एकच प्रश्न उरतो: यातील किती खर्च सरकारच्या हातात आहे? महाराष्ट्रात वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांवरच महसुली जमेचा निम्म्याहून अधिक भाग जातो. म्हणजे कात्रीचा सगळा भार उरलेल्या भागावर पडतो आणि त्या भागातच शाळा, पाणी, रस्ते आणि आरोग्य येते.

तिसरी पायरी: हात लावायचा नाही अशी यादी आधी लिहा

काय कापायचे याची बैठक घेण्यापूर्वी काय कापायचे नाही याचा आदेश निघाला पाहिजे, अन्यथा ज्या विभागाचा मंत्री वजनदार त्याचा निधी वाचतो. या यादीत माझ्या मते प्राथमिक आरोग्य, लसीकरण, अंगणवाडीतील पोषण आहार, स्वस्त धान्य, निराधारांचे अनुदान आणि मजुरीची कामे असावीत. आशा आणि अंगणवाडी सेविकांचे मानधनही त्यातच आले पाहिजे. हे मानधन कागदावर 'वेतन' या शीर्षात नसल्यामुळे निधी टंचाईत ते सर्वांत आधी रखडते.

मजुरीच्या कामांबाबत महाराष्ट्राकडे स्वतःचा अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळात राज्याने पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे अशी कामे काढली आणि मे १९७३ च्या सुमारास त्यांवर जवळपास ५० लाख लोक राबत होते. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना पुढे १९७७ मध्ये कायद्यात आली आणि त्यासाठी व्यवसाय कराचे स्वतंत्र उत्पन्न बांधून दिले गेले. या रचनेचे महत्त्व असे, की काम मागणारे वाढले की खर्च आपोआप वाढतो आणि शेतीत काम मिळू लागले की तो आपोआप उतरतो. कोणाला आदेश काढावा लागत नाही. २०२० मध्ये केंद्रानेही महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेच्या ६१,५०० कोटींच्या तरतुदीत ४०,००० कोटींची भर घातली. सर्वत्र कपात चाललेली असताना एका योजनेला दोन तृतीयांश वाढ देणे विसंगत वाटेल, परंतु मंदीतल्या खर्चाचे नियोजन असेच असावे लागते.

चौथी पायरी: बांधकामांची छाननी कामनिहाय करा, टक्केवारीने नको

येथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून या पायरीवर थोडे थांबू.

महाराष्ट्राच्या वित्त विभागाने ४ मे २०२० रोजी काढलेल्या शासन निर्णयाने त्या वर्षीच्या विकास कार्यक्रमांसाठी तरतुदीच्या केवळ ३३ टक्के निधी उपलब्ध होईल असे ठरवले, नव्या योजना व नवी बांधकामे थांबवली आणि आरोग्यासारखे विभाग वगळता पदभरती रोखली. कोणत्या योजना पुढे ढकलता किंवा रद्द करता येतील याचा आढावाही विभागांकडून मागवला. टाळेबंदीत महसूल जवळजवळ गोठला असताना तातडीने ब्रेक लावणे समजण्याजोगे होते. पण अशी मर्यादा काही आठवड्यांपुरतीच योग्य असते. ती लांबली की ९० टक्के झालेला पूल आणि अद्याप पायाही न खणलेली प्रशासकीय इमारत यांना एकच माप लागते.

ग्रामीण रस्त्याचे उदाहरण पाहा. मातीकाम झाले, मोऱ्यांचे पाइप बसले, खडी अंथरून रोलरने दबाई झाली आणि नेमका तेथे निधी थांबला. वर डांबराचा थर नसल्यामुळे ती खडी पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांत सुटते, बाजूपट्टीची माती वाहून जाते आणि मोरीच्या तोंडाशी गाळ बसतो. पुढच्या हंगामात निधी आला, की तेच काम पुन्हा करावे लागते. तोवर दरसूची बदललेली असते, भाववाढीचे कलम लागू झालेले असते आणि यंत्रसामग्री विनाकाम उभी राहिल्याचा ठेकेदाराचा दावा लवादापुढे गेलेला असतो. त्या वर्षीच्या लेख्यात दाखवलेली बचत पुढील वर्षाच्या लेख्यात व्याजासह खर्च म्हणून परत येते.

म्हणून प्रत्येक विभागाकडून कामांची यादी टप्प्यासह मागवावी. केवळ प्रशासकीय मान्यता मिळालेली, पण निविदा न निघालेली कामे रद्द करावीत. ती 'स्थगित' ठेवली तर पुढे दायित्व म्हणून डोक्यावर बसतात. निविदा झाली पण कार्यादेश निघालेला नाही, अशी कामे सहा महिने थांबवावीत. काम सुरू होऊन पावभागाच्या आत असेल, तर ते ज्या टप्प्यावर थांबवले असता पावसाने नुकसान होणार नाही, त्या टप्प्यापर्यंत नेऊन थांबवावे. तो टप्पा मंत्रालयातून ठरवता येत नाही, तो उपअभियंत्याने जागेवर जाऊन लिहून द्यावा. निम्म्याहून अधिक झालेल्या कामांना मात्र पूर्ण निधी द्यावा आणि वाचलेला सगळा पैसा त्यांकडे वळवावा. थोड्या थोड्या निधीवर दहा कामे रेंगाळत ठेवण्यापेक्षा चार पूर्ण करणे केव्हाही श्रेयस्कर.

दोन गोष्टी विशेष सांगतो. रस्तेदुरुस्तीचा निधी ३०५४ या महसुली लेखाशीर्षात आणि नव्या रस्त्यांचा ५०५४ या भांडवली लेखाशीर्षात असतो. 'महसुली खर्च कमी करा, भांडवली वाचवा' असा सरसकट आदेश निघाला, की दुरुस्ती कापली जाते आणि असलेला रस्ता खचतो. दुरुस्ती ही भांडवली खर्चाइतकीच जपली पाहिजे. दुसरी गोष्ट केंद्रपुरस्कृत योजनांची. ज्या योजनेत केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के आहे, तेथे राज्याने स्वतःचे ४० रुपये वाचवले तर केंद्राचे ६० रुपयेही गमावले जातात. मंदीत राज्यात येणारा बाहेरचा पैसा थांबवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, त्यामुळे राज्याचा हिस्सा सर्वांत आधी भरावा.

केंद्राने २०२० च्या उत्तरार्धात ही दिशा पकडली. राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षांच्या मुदतीची बिनव्याजी कर्जे देण्यास सुरुवात झाली. केंद्राचा स्वतःचा भांडवली खर्चही २०१९-२० मधील सुमारे ३.३६ लाख कोटींवरून २०२०-२१ मध्ये ४.२६ लाख कोटींवर गेला.

पाचवी पायरी: अनुदाने कमी करा, पण भरपाई आधी पोहोचू द्या

ज्या अनुदानाचा मोठा हिस्सा सधन वर्गाकडे जातो, ते मंदीतही कमी करता येते, कारण त्या वर्गाची खरेदी लगेच घटत नाही. अडचण राजकीय असते आणि ती एका फटक्यात केलेल्या दरवाढीने वाढते. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात रासायनिक खतांच्या किमती सरासरी ४० टक्क्यांनी वाढवण्याचा प्रस्ताव होता. संसदेत सत्ताधारी पक्षातूनच विरोध झाला आणि वाढ ३० टक्क्यांवर आणावी लागली.

याच्या शेजारी डिझेलचे उदाहरण ठेवावे. अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सप्टेंबर २०१२ मध्ये वित्तीय सुधारणेचा मार्ग मांडला. जानेवारी २०१३ पासून तेल कंपन्यांना डिझेलचा दर दरमहा साधारण ५० पैशांनी वाढवण्याची मुभा मिळाली. वाढ लहान, नियमित आणि आधी जाहीर केलेली असल्यामुळे वाहतूकदारांनी ती आपल्या भाड्यात सामावून घेतली. ऑक्टोबर २०१४ मध्ये जागतिक तेलाचे दर घसरल्यावर डिझेल पूर्णपणे नियंत्रणमुक्त झाले. मंदीत कच्च्या मालाच्या किमती बहुधा उतरतात, आणि किंमत उतरलेली असताना अनुदान काढले तर ग्राहकाला दरवाढ फारशी जाणवत नाही. ही संधी मंदीच देते, ती दवडू नये.

दर वाढवायचाच असेल, तर रोख मदत आधी खात्यात पडली पाहिजे. इंडोनेशियाने ऑक्टोबर २००५ मध्ये इंधनाचे दर सरासरी दुपटीहून अधिक वाढवले आणि त्याच सुमारास गरीब कुटुंबांना दरमहा १ लाख रुपिया या हिशेबाने तीन महिन्यांची रक्कम एकदम देण्यास सुरुवात केली. लाभार्थ्यांची यादी घाईने तयार झाल्यामुळे तक्रारी झाल्या, तरीही दरवाढ टिकली. श्रीलंकेत नवी मदत योजना जुलै २०२३ मध्ये सुरू झाली, म्हणजे महागाईचा सर्वांत मोठा तडाखा कुटुंबांनी सोसून झाल्यानंतर. या दोन अनुभवांवरून असे दिसते, की यादी मंदी येण्यापूर्वीच अद्ययावत ठेवणे हे वित्त विभागाचे नित्याचे काम मानले पाहिजे. शिधापत्रिका आणि जनधन खाती जोडलेली असतील, पण स्थलांतरित ऊसतोड कामगाराचे नाव गावच्या यादीत आणि तो कारखान्याच्या तळावर, अशी स्थिती असेल, तर भरपाई त्याच्यापर्यंत जात नाही.

सहावी पायरी: वेतनाबाबत स्पष्ट बोला

वेतनकपात कमी वेतनाच्या कर्मचाऱ्यांवर टाकू नये, कारण त्यांचा जवळजवळ संपूर्ण पगार स्थानिक बाजारात खर्च होतो. मार्च २०२० चे वेतन महाराष्ट्राने टप्प्याटप्प्याने दिले. लोकप्रतिनिधींचे ६० टक्के, अ आणि ब वर्गाचे ५० टक्के, क वर्गाचे २५ टक्के वेतन मागे ठेवले आणि ड वर्गाला पूर्ण पगार दिला. हा उतरता क्रम न्याय्य होता. मात्र मागे ठेवलेले वेतन नंतर द्यायचेच असल्यामुळे त्याने फक्त रोकड टंचाई भागते, खर्च कमी होत नाही. कपातीच्या हिशेबात ते धरू नये.

केंद्राने महागाई भत्त्याच्या जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ च्या तीन वाढी रोखल्या आणि जुलै २०२१ पासून भत्ता १७ वरून २८ टक्के करताना मागील थकबाकी दिली नाही. यातून सुमारे ३४,४०० कोटी रुपये वाचल्याचे सरकारने नंतर संसदेत सांगितले. मूळ वेतनाला हात न लावता वाढ रोखणे हा तुलनेने कमी वेदनादायक मार्ग आहे. पदभरतीवर सरसकट बंदी मात्र मला मान्य नाही. परिचारिका, तलाठी, शिक्षक यांची पदे रिकामी राहिली की सेवा खालावते आणि पुढे तीच माणसे कंत्राटी पद्धतीने, मध्यस्थाचे कमिशन देऊन घ्यावी लागतात.

सातवी पायरी: लहान काटकसर करा, पण तिच्यावर विसंबू नका

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने दिनदर्शिका, डायऱ्या, शुभेच्छापत्रे यांची छपाई थांबवली. खासदारांचे वेतन वर्षभरासाठी ३० टक्क्यांनी कमी झाले. अशा बचतीची रक्कम नगण्य असते. तरीही जनतेला त्याग मागणाऱ्या सरकारने गाड्यांची खरेदी, बंगल्यांची दुरुस्ती आणि जाहिराती आधी थांबवाव्यात, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आठवी पायरी: निधी सोडण्याचे वेळापत्रक बांधा

एप्रिल २०२० मध्ये केंद्राने मंत्रालयांचे तीन गट केले. पहिल्या गटाला ठरल्याप्रमाणे खर्च करता येईल, दुसऱ्याला पहिल्या तिमाहीत २० टक्के आणि तिसऱ्याला १५ टक्के मर्यादा, अशी ती विभागणी होती. ही पद्धत राज्यांनीही घ्यावी, कारण तिमाही संपली की फेरविचार करावाच लागतो. महाराष्ट्रात निधीवाटप 'बीम्स' या संगणक प्रणालीतून होते, त्यामुळे कोणत्या लेखाशीर्षात किती रक्कम उरली हे रोज पाहता येते. तेथे थकीत देयकांचा एक रकाना जोडावा. ठेकेदाराचे देयक अडवून ठेवणे म्हणजे त्याच्याकडून बिनव्याजी कर्ज घेणे होय, आणि तो ते कर्ज मजुरांची मजुरी आणि सिमेंट दुकानदाराची उधारी थकवून भागवतो. ९० दिवसांहून जुन्या देयकांची विभागनिहाय रक्कम दरमहा जाहीर झाली, तर थकबाकीला बचत म्हणण्याची सवय सुटेल. पुरवणी मागण्यांवर, म्हणजे वर्षाच्या मध्यात विधिमंडळाकडे मागितलेल्या जादा निधीवरही मर्यादा हवी. जूनमध्ये कापलेला निधी डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात दुसऱ्या नावाने परत आला, तर आधीची सारी छाननी वाया जाते.

नववी पायरी: निर्बंधांची अखेरची तारीख आदेशातच लिहा

प्रत्येक कपात आदेशाला मुदत असावी आणि मुदत संपण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात: वस्तू व सेवा कराची सलग दोन तिमाहींची जमा, औद्योगिक विजेची मागणी आणि रोजगार हमीवर काम मागणाऱ्यांची संख्या. जमा व वीजमागणी वाढत असेल आणि काम मागणारे घटत असतील, तर निर्बंध उठवण्यास सुरुवात करावी. सर्वप्रथम थकीत देयके द्यावीत, मग पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीचा निधी सोडावा, त्यानंतर सुरक्षित टप्प्यावर थांबवलेली कामे आणि रिकामी पदे हाती घ्यावीत. नव्या कामांना मान्यता सर्वांत शेवटी द्यावी, आणि तीही जुने दायित्व किती उरले आहे याचा आकडा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असेल तरच.